डाव्या हाताचा गेम

आमच्या मावशीला सगळं गाव बाई म्हणतं. त्या सगळ्यांत मीही आलो आणि तिचा नवराही. याला कारण एक पडदा.

जागा दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास, मागच्या खोलीत संसार, आणि मधल्या बिनदाराच्या चौकटीत जाड निळा पडदा. नियम असा, की पडद्याच्या आत ती मावशी आणि 'तू', पडद्याच्या बाहेर ती बाई आणि 'तुम्ही'. तिचा नवरा आत काका, बाहेर सर. ती दोघंही हा नियम एकमेकांना लावायची. आत "अहो, पाणी तापलंय," आणि बाहेर "सर, कडेच्या मशीनचं रिबन बघता का?" आत "अगं," बाहेर "बाई." भांडणसुद्धा पडद्याच्या आतच व्हायचं. मध्येच एखादा विद्यार्थी उगवला तर बाई अर्धं वाक्य आत ठेवून बाहेर यायच्या, त्याला मशीनवर बसवायच्या, आणि आत जाऊन उरलेलं वाक्य पूर्ण करायच्या. काका तोवर थांबलेले असायचे. दुसरा नवरा असता तर मागच्या दाराने पसार झाला असता.

शाळा संपली तेव्हा मी घरात माशा मारत बसलो होतो. आईने मला उचललं आणि बहिणीच्या क्लासात नेऊन टाकलं. आत पाऊल टाकलं की मशीनच्या तेलाचा आणि कार्बन पेपरचा वास यायचा. तो वास आता कुठेच येत नाही. कधी एखाद्या जुन्या ऑफिसात कपाट उघडलं की क्षणभर आल्यासारखा वाटतो आणि जातो. सगळी मशीनं एकदम चालू झाली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज व्हायचा, आणि त्यात ओळ संपल्याच्या घंट्या, एक इथून, एक तिथून. हातांवर लाकडी खोकं ठेवलेलं असायचं, म्हणजे बटणांकडे बघायची सोयच नाही. बाई पट्टीने टेबलावर ताल द्यायच्या. सर पडद्याजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. नव्या मुलांना वाटायचं, म्हातारा झोपलाय. मग डोळे न उघडता सर म्हणायचे, "खिडकीजवळचं मशीन, करंगळीचं काम शेजारचं बोट करतंय. करंगळी काय माहेरी गेलीय?"

सर आवाजावरून बोट ओळखायचे. करंगळीचा ठोका हलका, तर्जनीचा ठाम, आणि नवशिक्याचा ठोका म्हणजे दारावर टकटक करून आत येऊ की नको असं विचारणारा. मी बरीच वर्षं समजत होतो की हे सगळ्याच टायपिंगच्या सरांना येतं. तसं काही नव्हतं.

दोघांची ओळख झाली तीही मशीनवरच. एकाच ऑफिसात नोकरी, तिथे टायपिंगची स्पर्धा, सर पहिले आणि बाई दुसऱ्या. बाईंचं आजही म्हणणं आहे की सरांनी शिट्टी वाजण्याआधी सुरुवात केली. सरांचं म्हणणं, शिट्टी आधीच वाजली होती, बाईंचं लक्ष त्यांच्याकडे होतं म्हणून ऐकू गेली नाही. लग्न झालं, मुलगी झाली, ती सासरी गेली, पण त्या शिट्टीचा निकाल काही लागला नाही.

बाईंचा एक नियम मात्र शिट्टीपेक्षाही कडक. क्लास सुटला की टेबलावर टाचणीसुद्धा राहता कामा नये. मशीनला ब्रश मारायचा, कव्हर घालायचं, स्टूल आत सरकवायचं, टेबल पुसायचं. ज्याने दिवसभरात काही मांडलं, त्याने ते उचलायचं. एकदा एक मुलगी डबा विसरली, तर बाईंनी तो तिच्या घरी नेऊन पोचवला. उपकार म्हणून नव्हे, टेबल मोकळं हवं म्हणून.

पुढे मशीनं मागे पडली आणि परीक्षा कंप्युटरवर आल्या. सरांनी एक कंप्युटर आणला. बाईंनी त्याला प्रवेश दिला, पण आपल्या अटींवर. माउस खणात गेला. त्यांचं म्हणणं, हात एकदा मधल्या ओळीवर ठेवला की तो उचलून भलतीकडे न्यायचा कशाला, गाडी चालवताना कुणी चालकाला हात बाहेर काढून ठेवायला सांगतं का? खालच्या ओळीत खिडकीचं चित्र असलेलं एक बटण होतं. त्याला चुकून बोट लागलं की कंप्युटरच्या पडद्यावर भलतंच काहीतरी उघडायचं आणि मुलं टायपिंग सोडून ते बघत बसायची. बाईंनी त्या बटणावर चिकटपट्टी मारून टाकली. जे बटण कुठलंच अक्षर उमटवत नाही, ते त्यांच्या हिशेबी बटणच नव्हतं.

मग एका सकाळी सरांना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं दुखणं पायावर आणि हातावर निभावलं. बोलणं नीट राहिलं, पाय काठीवर आला, पण डावा हात मांडीवर ठेवलेल्या पुडक्यासारखा पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, बोटांत थोडी जान आहे, ती हलवत राहा. नाही हलवली तर आखडतील, मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने दाबायला रबरी चेंडू दिला. सरांनी तो शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. कुत्रा आनंदात, सर मागच्या खोलीत, तोंड भिंतीकडे.

मावशीचा फोन आला तेव्हा मी शहरात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागलो होतो. इथे एक खुलासा करायला हवा. गेम इतर लोक बनवायचे. माझं काम म्हणजे ते दिवसभर खेळायचे आणि कुठे बिघडतात ते सांगायचं. पण ही गोष्ट घरी सांगून पटणारी नव्हती. पगार घेऊन खेळतो म्हटलं तर आईने नोकरी सोडायला लावली असती. त्यामुळे नातेवाइकांत मी गेम बनवणारा होतो आणि मीही कुणाची समजूत मोडली नव्हती.

"तू ये," मावशी म्हणाली. "एक गेम करून दे. डाव्या हाताचा."

मी विचारलं, सर मशीनवर का बसत नाहीत? सराव तर तिथेही होईल.

"कागदावर चूक राहते रे," ती म्हणाली. "त्यांना स्वतःची चूक कधी बघावी लागली नाही. गेममध्ये चूक झाली की पुसून जाते ना?" मग म्हणाली, "आतून आवाज येत नाही आता. पोरं काय वाटेल ते बडवतात आणि हे काही बोलत नाहीत."

मी रजा टाकून गेलो.

क्लासात मोजकीच मुलं उरली होती, ती कंप्युटरवर पाळीपाळीने बसायची. जुनी मशीनं भिंतीकडेला कव्हरं घालून उभी होती, पाहुण्यांच्या गर्दीत लाजून कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. मधल्या वेळात मी कंप्युटर ताब्यात घेतला. गेम बनवायचं सॉफ्टवेअर नेटवरून उतरवायला लागलो, तर नेट असं की वाटावं कुणीतरी पलीकडून चमच्याने भरवतंय. दुपारी सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. इन्स्टॉल झालं, पडद्यावर त्याचं चित्र आलं. मी छाती फुगवून बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, छान, आता उठ, क्लास बंद करायची वेळ झाली, उद्या बघू.

उद्या बघितलं तर कंप्युटरचा पडदा कोरा. चित्र नाही, काही नाही. कोपऱ्यात कचऱ्याची बादली तेवढी एकटी उभी.

आता ऑफिसात माझा कंप्युटर कुणीतरी आधीच लावून दिलेला असायचा. मी यायचो, चित्रावर दोनदा टिचकी मारायचो, गेम सुरू. माझ्यापुरतं सॉफ्टवेअर म्हणजे ते चित्र. चित्र गेलं म्हणजे सॉफ्टवेअर गेलं. मी बाईंना म्हणालो, मशीन जुनं आहे, धरून ठेवत नाही. त्या म्हणाल्या, माणसाचंही तसंच होतं. मी पुन्हा सगळं उतरवायला बसलो. दिवस त्यात गेला. चित्र आलं. सकाळी पुन्हा गायब.

मी ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. त्याला आम्ही दीडशहाणा म्हणायचो, कारण खरोखरच त्याला गरजेपेक्षा अर्धं जास्त कळायचं. त्याने मला व्हायरसपासून वीजपुरवठ्यापर्यंत सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, घरात भूत आहे का? मी म्हटलं, भूत असलं तरी इथे जाताना त्याला टेबल पुसून स्टूल आत सरकवावं लागेल.

तिसऱ्यांदा इन्स्टॉल करून मी आत जाऊन बसलो. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दोन-चार विषय काढले, त्यांनी हूं हूं केलं. मुलं गेली. बाहेर स्टुलं आत सरकली, फडकं टेबलावरून फिरल्याचा आवाज आला. आणि मग बटणांचे ठोके. शांत, एका लयीत. मी पडदा बाजूला केला.

बाई कंप्युटरसमोर बसल्या होत्या. माउस अर्थातच खणात. बाणाच्या बटणाने एका चित्रावर जायचं, पुसायचं बटण दाबायचं, पडदा विचारतो नक्की का, त्यावर एंटर. की पुढचं चित्र. माझं सॉफ्टवेअर माझ्या डोळ्यांदेखत बादलीत गेलं. सगळं साफ झाल्यावर त्या बाणाने बादलीवर गेल्या, तिलाही पुसायचा प्रयत्न केला, आणि ती जाईना म्हणून नेहमीसारख्या नाराज झाल्या.

"बाई, हे काय करताय तुम्ही?"

"क्लास बंद करतेय."

"अहो, ते सॉफ्टवेअर होतं."

"मग वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवायचं," बाई म्हणाल्या. "टेबलावर काय मांडून ठेवलंस? इथेच शिकलास ना तू?"

 मी पुन्हा दीडशहाण्याला फोन केला. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाला, अरे, चित्र म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडतं का? सॉफ्टवेअर आतच आहे, बहुतेक एकावर एक तीनदा बसलंय बिचारं. खिडकीचं बटण दाब, नाव टाईप कर, समोर येईल.

मी ते बटण शोधलं. त्यावर चिकटपट्टी. इतक्या वर्षांत ती अशी मुरली होती की नखाने निघेना. बाई बघत होत्या. मी म्हणालो, बाई, हे उघडावं लागेल, सॉफ्टवेअर याच्या मागे आहे. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू मी एखाद्या उनाड मुलाला वर्गात परत घ्यायला सांगतोय. पण त्या उठल्या, रॉकेलचा बोळा आणला, हलकेच पुसत पट्टी सोडवली आणि खालचा चिकटाही काढला. मग म्हणाल्या, सरक.

स्टूल पुढे ओढून त्या ताठ बसल्या. हात मधल्या ओळीवर. करंगळी जराशी वळली आणि त्यांनी ते बटण पहिल्यांदा स्वतःहून दाबलं. पडद्यावर नाव लिहायची पट्टी उघडली. मी नाव सांगितलं. पहिली दोन-तीन अक्षरं पडताच सॉफ्टवेअर खाली दिसायला लागलं, आणि मी म्हटलं, बास, आलं, एंटर मारा. बाई थांबल्या नाहीत. शेवटच्या अक्षरापर्यंत नाव टाईप केलं, वाचून बघितलं, मग एंटर.

"अर्धं नाव टाकून थांबायचं?" त्या म्हणाल्या. "उरलेलं कुणी टाकायचं, शेजाऱ्यांनी?"

मशीन घरघरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक करडी चौकट उमटली, नाहीशी झाली, आणि सगळा पडदा भरून ते सॉफ्टवेअर उघडलं. चारी बाजूंना बारीक अक्षरांच्या पट्ट्या आणि मध्ये रिकामी जागा. बाईंनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, यात गेम कुठाय? मी म्हणालो, गेम नाही, तो आपण करायचा. म्हणजे कोरा कागदच की, त्या म्हणाल्या. मला वाटलं, नाराज झाल्या. पण त्या तशाच त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. कोऱ्या कागदाला घाबरणारी बाई नव्हे ती.

पुढचे दिवस मी आणि दीडशहाणा फोनवर गेम बनवत होतो. म्हणजे तो सांगायचा, मी चुकायचो, बाई टाईप करायच्या. रोज सकाळी त्याच पद्धतीने सुरुवात: बटण, पूर्ण नाव, एंटर. रोज संध्याकाळी पडदा साफ, आणि आता माझी हरकत नव्हती. गेम अगदी साधा. वरून अक्षरं पडायची, फक्त डाव्या हाताची. खाली पोचायच्या आत ते अक्षर दाबलं तर ठक्क असा आवाज, नाही दाबलं तर ते जमिनीत विरून जायचं. ओळभर अक्षरं झेलली की घंटा. ती घंटा आम्ही खऱ्या मशीनवरून रेकॉर्ड केली. एका म्हाताऱ्या मशीनचं कव्हर काढून बाईंनी ओळीच्या टोकापर्यंत त्याची कागद धरणारी सरकती गाडी नेली, आणि खोलीत कित्येक दिवसांनी ती वाजली. पडद्यामागे खाट करकरली. आम्ही दोघं थांबलो. पण कुणी आलं नाही.

गेम तयार झाला. मी आत जाऊन काकांना सांगितलं, बघायला तरी चला. ते म्हणाले, पोरांना दे. दुसऱ्या दिवशी तेच. बाई रोज दुपारी मुद्दाम गेम खेळत बसायच्या, आवाज मोठा करून. ठक्क, ठक्क, ठक्क, घंटा. एकही अक्षर चुकत नव्हतं. आत मात्र शांतता. आणि माझी रजा संपत आली.

जायच्या दिवशी मी पिशवी भरून बाहेर आलो. दुपारची गाडी होती. बाई कंप्युटरसमोर होत्या, पण नेहमीसारख्या ताठ नव्हत्या. डावा हात मांडीवर ठेवलेला आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने त्या अक्षरं टिपत होत्या. कोंबडीने दाणे टिपावेत तशा. ठक्क. बराच वेळ काही नाही. ठक्क ठक्क. पुन्हा काही नाही. मला वाटलं, त्या थकल्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एका बोटाने काही लिहिलं नाही, तिला असं बघणं बरं वाटेना. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"बाई."

मी पडद्याकडे बघितलं. आजारपणापासून काका तिला नुसतं 'अगं' म्हणत आले होते. ही हाक बाहेरची होती.

"कोण बसलंय मशीनवर?"

"मीच आहे, सर," बाई म्हणाल्या. बोट थांबलं नाही.

"डाव्या हाताची अक्षरं उजव्या बोटाने मारताय."

"गेमला कळत नाही ते. कुठल्याही बोटाने दाबलं तरी घेतो."

आत काठी भिंतीला लागल्याचा आवाज झाला. "गेमला कळत नसेल. मला कळतं."

पडदा हलला आणि सर बाहेर आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात. बाई उठल्या आणि स्टूल मोकळं केलं. सर बसले. उजव्या हाताने त्यांनी डावा हात मनगटाला धरून उचलला आणि मधल्या ओळीवर ठेवला, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात तसा. मग एकेक बोट सरळ केलं. बाई मदतीला वाकल्या नाहीत. आपल्याच हाताची घडी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

अक्षरं पडायला लागली. पहिलं जमिनीत गेलं. दुसरं गेलं. मग बरीच गेली. सरांच्या कपाळावर घाम आला होता, आणि बोटं तशीच, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. गाडीची वेळ झाली होती, पण पिशवी उचलायचं मला सुचलं नाही. मग तर्जनी थरथरली. दाबली गेली नाही, नुसती थरथरली, आणि तोवर तिचं अक्षर निघून गेलं होतं.

"वेग कमी कर," सर म्हणाले.

एवढ्या वर्षांत या माणसाने कुणाला वेग कमी करायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पुढे होऊन गेम थांबवला, आकडा खाली आणला, पुन्हा चालू केला. अक्षरं आता जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी येत होती. तरी एक गेलं, दुसरं गेलं.

"अजून कमी."

मी अजून कमी केला. मग अजून. शेवटी म्हणालो, "सर, याच्याखाली नेलं तर अक्षर वरच लटकून राहील."

"राहू दे," ते म्हणाले. "आज ना उद्या येईलच खाली. मी बसलोय."

बाईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या.  पडद्याच्या वरच्या कडेला एक अक्षर जेमतेम डोकं काढून उभं होतं. त्याच्या बरोबर खाली सरांची तर्जनी बटणावर टेकलेली, आणि आम्ही तिघं त्याच्या येण्याची वाट बघत होतो.